वाड्या वेगळ्या, पाणी एक

'धर्मग्राम' हा शब्द आपण दररोज उच्चारतो. परंतु त्याच्या उत्तरार्धाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. धर्म आपण ख्रिस्तमंदिरात सांभाळतो. ग्राम मात्र ख्रिस्तमंदिराच्या दाराबाहेर पसरलेला असतो. त्याच्या विहिरी, बावखले, वाड्या, बांध, पाणंदी, चिंचा आणि वड हे सारे त्या एका छोट्याशा शब्दात सामावलेले आहे. आमच्या कचेरीत तीन जाडजूड नोंदवह्या आहेत. स्नानसंस्कारांची एक, विवाहांची दुसरी आणि मृत्यूंची तिसरी. कोण कोणाच्या पोटी जन्मला, कोणाचा हात कोणाच्या हाती दिला गेला आणि कोण कोठे विसावला, हे त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन सांगता येते. मात्र धर्मग्रामातील शेवटचा रहाट कोणत्या वर्षी थांबला, कोणत्या विहिरीचे पाणी केव्हा मचूळ झाले, कोणत्या पाणंदीवरचा वड कोणत्या वादळात कोसळला, याची नोंद कोठेही सापडत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या धर्मग्रामात आम्ही वर्षातून पाच वेळा, ऋतुमानाप्रमाणे, लहानथोरांना घेऊन चालावयास निघतो. प्रत्येक चालण्याला जोडून एक छोटेसे शिबिर असते. ते कधी शेताच्या बांधावर भरते, कधी समुद्रकिनारी, तर कधी एखाद्याच्या वाडीत. आरंभी काही मंडळींना हे रुचले नव्हते. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला सरळच विचारले, "फादर, सहली काढणे हे तरुण पोरांचे काम. धर्मगुरूने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात कशाला उतरायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे सांगावयास हवे की, शेतातून चालणे ही ख्रिस्तसभेला नवी गोष्ट नाही. सेमिनरीत पूजाविधीचा इतिहास शिकताना आमचा परिचय 'रोगेशन' दिवसांशी झाला. रोगेशन म्हणजे मागणे, विनवणी. पाचव्या शतकात गॉल देशातील व्हिएन्न येथील बिशप संत मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस उपवास आणि प्रार्थनायात्रा सुरू केल्या. पुढे ही प्रथा युरोपभर पसरली. गावकरी धर्मगुरूंसह संतांची नामावळी गात शिवारातून चालत आणि पेरलेल्या शेतांवर आशीर्वाद मागत. याशिवाय वर्षातून चारदा, चार ऋतूंत, बुधवार, शुक्रवार व शनिवार असे तीन दिवस उपवास पाळला जाई. १९६९ साली उपासनेच्या दिनदर्शिकेत सुधारणा झाली आणि हे दिवस केव्हा व कसे पाळावेत हे त्या त्या देशांतील बिशप परिषदांवर सोपविण्यात आले. बहुतेक ठिकाणी ते हळूहळू विस्मरणात गेले.

आपल्याकडे मात्र त्या परंपरेचे एक रोपटे अजून जिवंत आहे, ते म्हणजे 'आगेरा'. लॅटिन भाषेत 'आगेर' म्हणजे शेत. त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत आणून वेदीपुढे ठेवावयाच्या आणि देवाचे आभार मानावयाचे, हा ईस्ट इंडियन व वसईच्या ख्रिस्ती समाजाचा जुना सण. म्हणजे ज्याला आज निसर्ग-शिबिर म्हणतात, ते आपल्या आजोबा-पणजोबांना नाव न घेताच ठाऊक होते. आम्ही काही नवे आणले नाही. दोन टोके तुटली होती, ती सांधण्याचा यत्न केला, इतकेच.

पहिले चालणे मृगाच्या सरी कोसळल्यावर निघते. पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांना पाणी येते आणि त्या प्रवाहाविरुद्ध मासे वर शेतांकडे चढू लागतात. हीच वलगण. खडकांच्या आणि बांधांच्या बिळांतून मुठे बाहेर पडतात. एरवी मातकट दिसणारा बैल-बेडूक त्या चार दिवसांत हळदीने माखल्यासारखा पिवळा होतो आणि रात्रभर ओरडतो. त्या दिवशीच्या शिबिराच्या गुरू असतात त्या पूर्वेकडील डोंगरपट्टीत राहणाऱ्या आदिवासी भगिनी. टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळे अशा रानभाज्या त्या आमच्या मुलांना ओळखावयास शिकवितात. शेवळ्याने घशाला खाज सुटते, म्हणून त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळे घालावयाची. शेवळे आणि काकड एकाच सुमारास रानात का येतात, हा प्रश्न एका चिमुरडीने विचारला, तेव्हा त्या बाई हसून म्हणाल्या, "देवानं जोडीनं धाडलंय, बाय." आमच्या मुली वह्या काढून नावे लिहून घेत होत्या. सांगणाऱ्या बाईंना अक्षरओळख नव्हती. बाजारात ज्यांच्याशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, त्या त्या दिवशी गुरूच्या आसनावर बसतात. त्यांना मानधन देऊन, पानाफुलांनी सत्कार करून आम्ही निरोप देतो. एवढा एकच बदल घडला तरी पावसात भिजल्याचे सार्थक झाले, असे आम्हाला वाटते.

दुसरे चालणे आगेराच्या आदल्या शनिवारी. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे होऊ लागलेले असते. बांधावर तेरड्याची फुले संपत आलेली असतात. शहरात नोकरी करणाऱ्या आई-बापांची मुले येथे प्रथमच लोंबी हातात धरतात. भाताचे फूल केव्हा उमलते, दाण्यात दूध कसे भरते, ते दाबून पाहिले की कसे कळते, हे त्यांना एक वृद्ध शेतकरी दाखवितात. वेदीपुढे ठेवावयाच्या लोंब्या मुलांनी आपल्या हातांनी कापाव्यात, असा आमचा आग्रह असतो. ज्याने कापणी पाहिली, त्याला आभाराची प्रार्थना पाठ करावी लागत नाही.

तिसरे चालणे आगमनकाळात, भुईगावच्या किनाऱ्यावर. ओहोटीची वेळ साधून पहाटेच निघावे लागते. सुरूच्या बनातून बाहेर येताच ओल्या वाळूवर कुरवांचे थवे उतरलेले दिसतात. चिखल्या, तुतवार असे इवलेसे पक्षी लाटेच्या मागे धावतात आणि लाट येताच मागे पळतात. यांतील कितीतरी पक्षी हिवाळ्यापुरते उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारो किलोमीटर उडत येतात. खाडीच्या बाजूला तिवरांची झाडे आहेत. चिखलातून वर आलेली त्यांची मुळे मुलांना खिळ्यांसारखी वाटतात. ती श्वास घेण्यासाठी वर येतात हे कळल्यावर पाय आपोआप जपून पडू लागतात. तिवरांची तोड आणि त्यांवरील भराव यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. परंतु न्यायालयाचा हुकूम ठाऊक असणे वेगळे आणि ते झाड श्वास घेते हे डोळ्यांनी पाहणे वेगळे.

चौथे चालणे उपवासकाळात, तुंगारेश्वराच्या रानात. हे रान २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. महादेवाच्या दर्शनाला जाणारे भाविक त्याच वाटेने जातात. त्यांना नमस्कार करून आम्ही आपली वाट धरतो. त्या दिवसांत सागाची पाने पायांखाली करकरत असतात. पळस, पांगारा आणि काटेसावर मात्र पानांवाचून लालभडक फुललेले असतात. एक निवृत्त विज्ञानशिक्षक आमच्याबरोबर असतात. हिरव्या पानांच्या एखाद्या डहाळीला ते सकाळी पारदर्शक पिशवी बांधून ठेवतात. दुपारी परतताना पिशवीत पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. झाड पानांवाटे किती पाणी हवेत सोडते, हे त्यावरून मुलांना उमजते. पाऊस दूर असताना झाड पाने टाकते, ते पाणी राखण्यासाठी. झाडाचा हा उपवास दिखाव्याचा नसतो. मुळांशी जे थोडे आहे ते पुढच्या ऋतूपर्यंत पुरावे म्हणून असतो. राखेच्या बुधवारी आम्ही केलेल्या प्रवचनापेक्षा हे प्रवचन मुलांच्या अधिक ध्यानात राहते, अशी आमची समजूत आहे आणि तिचे आम्हाला दुःख नाही.

पाचवे चालणे मे महिन्याच्या उन्हात. हे सर्वांत छोटे आणि सर्वांत कठीण. या दिवशी आम्ही धर्मग्रामाबाहेर पाऊलही टाकत नाही. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातो आणि विहिरींत डोकावतो. गाठी मारलेला दोर सोडून पाणी किती खाली गेले ते मोजतो. ओंजळभर पाणी चाखून पाहतो. पाणी खारावले की काय होते, हे आमच्या माताभगिनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून सांगतात. डाळ शिजेनाशी होते, साबणाला फेस येत नाही. केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात आणि पानवेल मान टाकते.

याच दिवशी आमचे शिक्षक दोन पेल्यांचा प्रयोग करून दाखवितात. एका पेल्यात गोडे पाणी, दुसऱ्यात भरपूर मीठ विरघळविलेले. गोड्या पाण्यात अंडे बुडते, खाऱ्यात तरंगते. खारे पाणी जड असते, म्हणून गोडे पाणी त्याच्यावर तरंगू शकते. आपला वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे समुद्र आणि खाड्या यांच्या कुशीतली भूमी. तिच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर एखाद्या होडीसारखे तरंगत असते. १८८८ साली बादोन घायबेन यांनी आणि १९०१ साली हर्झबर्ग यांनी, किनाऱ्यालगतच्या अशा जमिनीचा अभ्यास करून, एक हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जर एक फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलट अर्थ ध्यानात घ्यावा. वरची पातळी एका फुटाने उतरली, तर कालांतराने खालून खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. आपण वरून एक फूट उपसतो आणि भूमी आतून चाळीस फूट गमावते.

येथे बावखलांचे माहात्म्य कळते. वाडीच्या कडेला खोदलेले ते गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे आणि हळूहळू जमिनीत मुरे. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून केळीच्या आणि फुलझाडांच्या बुंध्याशी घातला जाई. खंड्या, ढोकरी, पाणकोंबडी यांचे ते घरच होते. ज्यांच्या अंगणात बावखल होते ते त्याला आपले म्हणत. पण त्यात मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला, त्याच्या शेजाऱ्याच्या विहिरीला आणि दूर टोकाच्या विधवेच्या विहिरीलाही मिळे. बांध वर होता, खाली नव्हता. वाड्या वेगळ्या, पाणी एक. धर्मग्रामाची यापेक्षा चांगली व्याख्या आम्हाला ठाऊक नाही.

पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही वृद्धांना आठवतील तेवढ्या बावखलांची नावे सांगावयास बसविले. कोणी घराण्याच्या नावाने सांगितले, कोणी काठच्या झाडाच्या नावाने, कोणी तेथे घडलेल्या एखाद्या गमतीच्या नावाने. नावांची यादी वाढत गेली. मग ती यादी घेऊन आम्ही चालू लागलो. कित्येक नावांपाशी पोहोचल्यावर समोर इमारत होती, कोठे गाड्या उभ्या करण्याची फरसबंदी, कोठे नुसता डेब्रिजचा ढीग. यादीत नावे पुष्कळ, पायांखाली पाणी थोडे. त्या दिवशी परतताना कोणी फारसे बोलले नाही.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला. वसईचे हिरवेपण राखण्यासाठी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने मोठा लढा दिला. तो सर्वांना ठाऊक आहे. त्या लढ्यात प्रतिपक्ष समोर दिसत होता. मे महिन्याच्या चालण्यात मात्र प्रतिपक्ष दिसत नाही. कारण तो आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी बसून जपमाळ म्हणत असतो. जमीन कोणी लुटून नेत नाही. बहुतेक वेळा ती आपणच विकतो.

आमच्याबरोबर चालणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थांचे घर याच यादीत होते. बावखल जुने, काठावर उंडीचे झाड. दुसऱ्या वर्षी त्यांनी ते बुजवून जागा बांधकामासाठी दिली. ते आम्हाला सांगावयास स्वतः आले. "फादर, मुलाच्या मूत्रपिंडाचे आजारपण आहे. तीन वर्षे झाली. प्रवचनातून माझे नाव घेऊ नका, एवढीच विनंती." आम्ही नाव घेतले नाही. घेण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या समाजाने त्या मुलाच्या औषधपाण्यासाठी हात पुढे केला नाही, त्याला त्या बापाकडून बावखल मागण्याचा काय अधिकार? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा, असे लिहिले. तो उपदेश आम्ही पुष्कळदा वाचला होता. त्या गृहस्थांच्या तोंडून त्याचा अर्थ कळला. दोन आक्रोश एकाच दारातून आले, आणि ते दार आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर होते.

तेव्हापासून आमच्या शिबिरांना एक नवे अंग आले. पक्षी, फुले, भाज्या यांबरोबरच आम्ही बोलू लागलो ते घराघरांतील अडचणींविषयी. कोणाला जमीन का विकावी लागते? शिक्षण, आजारपण, भावाभावांतील वाटण्या, की निव्वळ मोह? कारण वेगळे तसा उपायही वेगळा. मोहाला प्रवचन पुरेसे असेल. आजारपणाला प्रवचन देणे हा क्रूरपणा होय. धर्मग्रामाच्या पतपेढीतील जाणत्या मंडळींनी आणि संत विन्सेंट दी पॉल संस्थेच्या सभासदांनी या प्रश्नात लक्ष घातले. उपाय पूर्ण सापडला असे म्हणता येणार नाही. पण एका वाडीतील बावखल गाळाने भरले होते आणि मालकीणबाई एकट्या होत्या. तेव्हा शेजारच्या कुटुंबांनी वर्गणी काढून आणि चार रविवार स्वतः घमेली उचलून ते उपसून दिले. "आमच्या विहिरीचे पाणी तिच्याच बावखलातून येते," हे वाक्य तेथे एका तरुणाने म्हटले. अंगाला चिखल लागलेला आणि बोलण्यात कोणताही आव नव्हता. त्या मोसमात पावसाने ते काठोकाठ भरले.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपारा परिसरात पाणी तुंबून रेल्वे बंद पडली, घराघरांत पाणी शिरले. पाण्याला थांबावयाची जागा आपण हिरावून घेतली की ते आपल्या घरात थांबते. उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात पूर, ही दोन्ही संकटे एकाच बुजविलेल्या खड्ड्यातून बाहेर येतात. हे समजावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. वर्षातून पाच वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत, त्याच वाटेने चालावे लागते. एकदाच पाहणाऱ्याला देखावा दिसतो. पाचदा पाहणाऱ्याला हिशेब कळतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला बागेत ठेवले, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पुढे पशुपक्षी माणसासमोर आणले, ते त्याने त्यांना नावे द्यावीत म्हणून. राखण आणि नामकरण ही दोन कामे शास्त्राने इतकी जवळजवळ ठेवली, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो. ज्याचे नाव माहीत नाही, त्याची राखण कोण करील? आमच्या मुलांना आता तुतवार आणि चिखल्या वेगळे ओळखता येतात, आणि कोणते बावखल कोणाच्या विहिरीला पाणी देते हेही काही जणांना सांगता येते. या दोन्ही ज्ञानांची आम्ही सारखीच किंमत मानतो.

ते गृहस्थ अजूनही आमच्याबरोबर चालतात. मे महिन्यात त्यांच्या घरापाशी आलो की सगळे क्षणभर थांबतात आणि तेच यादीतील आपल्या बावखलाचे नाव मोठ्याने वाचतात. कोणी त्यांना तसे सांगितलेले नाही. त्यांचा मुलगा आता बरा आहे, देवाची कृपा. यंदा त्याने दोर धरून शेजारच्या विहिरीचे पाणी मोजले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही असे चालणे सुरू करावयाचे असल्यास फार तयारी लागत नाही. दुर्बीण नसली तरी चालते. एक वही हवी, गाठींचा एक दोर हवा आणि सर्वांत पुढे चालावयास एखादी आजी किंवा आजोबा हवेत. मात्र त्यांना लवकर बोलवावे. नावे त्यांच्याचजवळ आहेत. आणि येत्या आगेराला वेदीपुढे लोंब्या ठेवताना एक प्रश्न एकमेकांना अवश्य विचारावा. या लोंब्या आपल्या धर्मग्रामातील शेतातून आल्या, की बाहेरून मागवाव्या लागल्या? आमच्याकडे यंदा त्या दोनच शेतांतून आल्या. त्या दोन्ही शेतांच्या मालकांची नावे आम्ही आभाराच्या प्रार्थनेत घेतली.